वेशीवर

रात्री दोन चाळीसला नळी आली,
जांभळ्या टोपणाची, अजून कोमट.
नाव वाचायचं नसतं, पट्टीवरच्या रेघा यंत्र वाचतं.
मी नाव वाचलं.
नीलास. ईनारीच्या पलीकडचा, रेनडिअर राखणारा.
स्नोमोबाईल, बर्फाखाली दडलेला बुंधा,
आणि हेल्मेट सीटखाली, नेहमीच्या जागी.

रोवानिएमीत जानेवारीचा सूर्य
उंबऱ्यावरूनच परत जातो.
मी दिव्याखाली नळी फिरायला ठेवली.
दहा मिनिटांनी रक्ताची वाटणी झाली:
खाली लाल गाळ,
वर वाळल्या गवताच्या रंगाचं पाणी.
माझं काम त्या पाण्याशी.

मेंदूच्या घराला वेस असते, फार कडक.
आतलं आत, बाहेरचं बाहेर.
नांदत्या घराची कुरबुर रस्त्यावर येत नाही.
पण दणका बसला की कुठेतरी केसाएवढी चीर जाते,
आणि घरातलं एकेक वेशीवर येऊन पडतं.
पहिल्या रात्री येतो तारकापेशींचा चुरा.
(तारकापेशी हे खरंच नाव आहे,
मी कविता करत नाहीये.)

डॉक्टर फोनवर म्हणाले, स्कॅन स्वच्छ आहे.
म्हटलं, असेल.
पाणी कुठेतरी मुरतंय.
आकडा सांगितला.
पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

त्यानंतर धागे.
मज्जातंतूंच्या आतले ताणे, ते सावकाश उसवतात.
तिसऱ्या आठवड्यात तो उठून बसला,
कॉफी मागितली, कॉफीला नावं ठेवली,
नर्सेस हसल्या, बहीण रडली,
आणि त्याच मंगळवारी
माझा आकडा पहिल्या रात्रीच्या तिप्पट.
माणूस वर येत होता
आणि त्याचं रक्त मागच्या पडझडीची
अजून यादीच करत होतं.

बहीण बिरेत. लॅबच्या खिडकीशी उभी राहायची,
जिथे उभं राहायची परवानगी नाही.
आकडा किती?
सांगता येत नाही.
चढला की उतरला, एवढं तरी?
मी काही बोलले नाही.
हातातलं पेन उभं धरलं. टोक वर.
ती बूट आपटत निघून गेली.

मे महिन्यात टोक खाली धरलं.
तिने काचेला कपाळ टेकवलं,
वाफेचा गोल उमटला, मी तो पुसला नाही.
अहवालात लिहिलं: घट समाधानकारक.

जुलैत ती आली ती सुकं मांस घेऊन, कागदात बांधलेलं.
कानकापणी झाली म्हणाली.
रात्री सूर्य मावळत नाही तेव्हा करतात,
पाडसाच्या कानाला सुरीने खाचा देतात,
ज्याच्या त्याच्या वेगळ्या. तीच सही, तोच सातबारा.

नीलासचा हात बरोबर चालला.
जराही थरथरला नाही.
पाडस गुडघ्यांत धरलं, कान चिमटीत,
वर दोन खाचा, खाली एक,
टोकाला तिरपा छेद.

'ती खूण बाबांची,' बिरेत म्हणाली.
'बाबांना जाऊन आठ वर्षं झाली.
त्या खुणेचं एकही जनावर आता कळपात नाही.
मी म्हटलं, नीलास.
तो म्हणाला, काय?
म्हटलं, काही नाही.'

मग तिने मला विचारलं,
हे तुझ्या त्या पाण्यात दिसतं का.

मी यंत्राकडे पाहिलं.
ते दुसऱ्याच कुणाचं रक्त फिरवत होतं,
एका शाळकरी मुलीचं, हॉकी खेळताना पडलेली,
पहिली रात्र.
मांस खारट होतं. आम्ही उभ्यानेच खाल्लं.

पुढचा नमुना ऑक्टोबरात, जांभळं टोपण.
वर डोंगरावर एक पाडस चरतंय,
मेलेल्या माणसाच्या मालकीचं,
आणि कुणी त्याला
दुरुस्त करायला गेलेलं नाही.